सार्वजनिक आरोग्याचे शिक्षक आणि अकरा महिन्यांची मुदत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या सार्वजनिक आरोग्य विभागांसाठी सहायक प्राध्यापक हवेत, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. मला निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी त्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. कारण नंदुरबार जिल्ह्यात आधी आरोग्यसेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून चौतीस वर्षे जे काम मी केले, ते पुढच्या पिढीला शिकवणारी माणसे या जाहिरातींतून निवडली जायची असतात. माझ्या पाहण्यातील बहुतेक जाहिरातींत दोन गोष्टी सारख्या आढळतात. उमेदवाराने गावपातळीवर काय काम केले आहे, याची विचारणा त्यांत नसते. आणि नेमणूक एकतर तासिका तत्त्वावर असते किंवा अकरा महिन्यांच्या कराराने. या दोहोंमुळे या विषयाचे फार नुकसान होते, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. ते आपल्या वाचकांपुढे आणि विशेषतः खान्देशातील शिक्षणसंस्थांचा कारभार पाहणाऱ्यांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर बाहेरगावच्या एका संस्थेचे विद्यार्थी लसीकरणाची पाहणी करण्यासाठी आले होते आणि त्यांच्याबरोबर एक तरुण शिक्षक होते. जानेवारीचे दिवस होते. गाडी जिथपर्यंत जाते तिथून पुढे तासभर चालून आम्ही पाड्यावर पोचलो. विद्यार्थ्यांनी आशाताईंची नोंदवही समोर ठेवून बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांची घरोघर पडताळणी केली. वहीत अठरा मुले होती, अठराही सापडली आणि अठराही मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. शंभर टक्के काम पाहून विद्यार्थ्यांना आनंद झाला आणि खोटे कशाला सांगू, मलाही झाला, कारण त्या वहीवर माझी सही होती.

परतीच्या वाटेवर ते शिक्षक एका घरापुढे थांबले. घराचे तट्ट्याचे दार सुतळीने बांधून घेतलेले होते, ओट्यावर वाळलेला पाला साचला होता आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या दगडी जात्यावर कोळ्याने जाळे केले होते. हे घर कोणाचे, असे त्यांनी विचारले. आशाताई म्हणाल्या, ते लोक ऊसतोडीला गुजरातेत गेलेत, होळीला येतील. मग त्यांची मुले कोणत्या यादीत, असा त्यांचा पुढचा प्रश्न आला, आणि आम्ही दोघी गप्प झालो. यादी केली तेव्हा ती मुले पाड्यावर नव्हती म्हणून आमच्या वहीत नव्हती, आणि तिकडे ती परक्या मुलखातली म्हणून तिथल्या वहीतही त्यांची नोंद होण्याची शाश्वती नव्हती. दारे बांधलेली अशी नऊ घरे त्या एका पाड्यावर निघाली. त्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मोहाच्या झाडाखाली बसवले, मातीत काडीने एक आडवी रेघ ओढली, रेघेच्या वर अठरा लिहिले, खालीही अठरा लिहिले आणि सांगितले की, वरचा आकडा सगळेच मोजतात, खालच्या आकड्यात कोणाला धरले आणि कोण सुटले हे विचारणे म्हणजे सार्वजनिक आरोग्य. अंश आणि छेद मी शाळेत शिकले होते. वीसेक वर्षे दर महिन्याच्या अहवालात टक्केवारीचा रकाना भरत आले होते. तरीही त्या रकान्याचा अर्थ मला त्या दिवशी, त्या झाडाखाली समजला.

होळीला लोक परत येतील तेव्हा आपण पुन्हा येऊ आणि सुटलेली घरे मोजू, असे त्यांनी ठरवले होते. तो बेत अगदी योग्य होता, कारण काठी गावच्या राजवाडी होळीसाठी आणि त्याआधी भरणाऱ्या भोंगऱ्या या आदिवासी बाजारांसाठी सातपुड्यातला माणूस जिथे असेल तिथून गावी येतो. पण ते शिक्षक आले नाहीत. त्यांचा करार फेब्रुवारीअखेर संपला आणि त्याला मुदतवाढ मिळाली नाही. भरलेल्या फॉर्मांची त्यांची पिशवी माझ्या उपकेंद्रातील कपाटात दोन वर्षे पडून होती. पुढच्या वर्षी त्याच संस्थेतून दुसरे शिक्षक आले, त्यांच्याबरोबर नवा फॉर्म आला आणि पाहणी पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाली. आधीच्या पिशवीविषयी त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते. मी ती काढून दिली तेव्हा त्यांनी ती आदराने घेतली खरी, परंतु त्यांचीही मुदत ठरलेलीच होती.

गावाच्या आरोग्याचे वर्ष बारा महिन्यांचे असते. मृग लागला की विहिरींचे पाणी गढूळ होते, हगवणीचे रुग्ण येऊ लागतात, पाठोपाठ हिवताप आणि सर्पदंश येतात. दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात आणि गरोदर बायका, तान्ही मुले, क्षयाचे औषध चालू असलेली माणसे ट्रकमधून निघून जातात. होळीला ती परत येतात तेव्हा सहा महिन्यांपूर्वी ज्याचे वजन ठीक होते, ते मूल काट्यावर ठेवल्यावर आपलाच हात थबकतो. त्यानंतर उन्हाळा, पाण्याची ओढ आणि लग्नसराई. हे सगळे चक्र एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणत्याही शिक्षकाला या भागाविषयी काही शिकवता येणार नाही, आणि अकरा महिन्यांच्या करारात ते एकदाही पूर्ण होत नाही. भाषाशिक्षक किंवा गणिताचे शिक्षक दरवर्षी बदलले तर तेही वाईटच, परंतु त्यांचा ग्रंथ आणि त्यांची गणिते जागच्या जागी राहतात. आमच्या विषयात शिक्षक गेला की गावाशी जुळलेली ओळख, आशाताईंचा विश्वास, कोणत्या घरात कोणाशी बोलायचे याचे ज्ञान, हे सगळे त्याच्याबरोबर जाते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाची अवस्था तर याहून बिकट आहे. त्याला मानधन वर्गात घेतलेल्या तासाचे मिळते. पाड्यावर जाऊन-येऊन गेलेल्या दिवसाचे तास कोणत्या हिशेबात धरायचे? मग तो गावी जात नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

आता पात्रतेविषयी. माझ्या पुतणीने बी.एस्सी. नर्सिंग केले, त्यानंतर सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी घेतली आणि सहा वर्षे तालुका पातळीवर आशा कार्यक्रमाचे काम केले. राज्यातील एका संस्थेच्या जाहिरातीला तिने अर्ज केला, तेव्हा पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकाच विषयातील नाही, या कारणाने तिला छाननीतच अपात्र ठरवण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषयात किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी मागितली आहे. पदवी त्याच विषयात हवी, असे तीत म्हटलेले नाही, आणि सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत तसे म्हणणे शक्यही नाही. या विषयात लोक वैद्यकातून, परिचर्येतून, संख्याशास्त्रातून, समाजकार्यातून, अगदी गृहविज्ञानातूनही येतात आणि यायलाच हवेत. छाननी करणाऱ्यांनी नियमावली नीट वाचली असती तर अपात्रतेचे पत्र तिला आले नसते. तिने अपील केले नाही, कारण अपात्रतेचे कारण तिला लेखी मिळाले तेव्हा मुलाखती होऊन गेल्या होत्या.

त्याच नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा एक गुणतक्ता आहे. पीएच.डी.ला ३० गुण, पदव्युत्तर पदवीला जास्तीत जास्त २५, पदवीला १५, शोधनिबंधांना १० आणि अध्यापनाच्या किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला दरवर्षी २ याप्रमाणे १०. हा तक्ता मी पुतणीबरोबर बसून ओळीओळीने वाचला. प्राथमिक आरोग्य केंद्रात, साथीत, कुपोषणाच्या कामात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत घालवलेल्या वर्षांसाठी त्यात एकही ओळ नाही. हा तक्ता सगळ्या विषयांसाठी मिळून केलेला आहे हे मला समजते, आणि विद्यापीठाने तो धुडकावून लावावा असे मी म्हणत नाही. परंतु जाहिरातीत क्षेत्रीय अनुभव इष्ट आहे असे स्पष्ट लिहिणे, निवड समितीत विषयतज्ज्ञ म्हणून प्रत्यक्ष जिल्ह्यात काम केलेल्या व्यक्ती बोलावणे आणि मुलाखतीत त्या अनुभवावर प्रश्न विचारणे, यासाठी कोणताही नियम आडवा येत नाही. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय व राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता ठरली असून पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेटमध्ये सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य असा विषयही आहे. तेव्हा गावात काम करीत असतानाच परीक्षा देऊन पात्र होण्याचा मार्ग आमच्या मुलामुलींना खुला आहे. त्यांनी तो पार केल्यावर पुढचे दार तरी उघडे असावे.

खान्देशासाठी कोणते शिक्षक हवेत, याचाही विचार जाहिरात काढण्याआधी झाला पाहिजे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि प्रत्येकात सामुदायिक वैद्यकशास्त्राचा विभाग असतोच. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कुटुंबे दत्तक देण्याचा कार्यक्रमही आता सुरू झाला आहे. विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्य विभागाने तेच पुन्हा करण्याची गरज नाही. डॉक्टर शिक्षक त्याला हवेतच, परंतु त्यांच्या जोडीला साथरोगशास्त्र जाणणारा एक, संख्याशास्त्राचा एक, आरोग्य व्यवस्थापनाचा एक, पर्यावरण आणि कामगारांच्या आरोग्याचा एक आणि समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्रातून आलेला एक, असे किमान पाच पूर्णवेळ शिक्षक असावेत. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात केळीचे घड वाहणाऱ्या मजुराचे काम किती वाजता थांबवावे, कपाशीवर फवारणी करणाऱ्याच्या अंगावर औषध कोठून आणि कसे येते, दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरातील लोकांच्या छातीच्या तक्रारींची नोंद कशी ठेवावी, हे प्रश्न दवाखान्यात बसून सुटणारे नाहीत. दोन कंत्राटी शिक्षकांवर हा सगळा अभ्यासक्रम टाकला, तर पुस्तकातले धडे वाचून दाखवण्यापलीकडे त्यांच्या हातून काय होणार?

डॉक्टरांनी समाज ओळखावा, ही अपेक्षा आपल्या देशात जुनी आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ सालच्या अहवालात डॉक्टरांच्या शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. आपल्या महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला खेड्यातल्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले, आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली. आज देशभरातील आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जाऊन जे करतात, त्याचे मूळ त्या कामात आहे. ही सगळी माणसे वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहिली आणि तिथेच त्यांनी शिकवले. त्यांच्या कामाचा धडा आपल्या अभ्यासक्रमात घालायचा आणि तो शिकवणाऱ्याला मात्र एका ठिकाणी वर्षभरही राहू द्यायचे नाही, ही विसंगती संस्थाचालकांच्या लक्षात यावी, एवढीच माझी विनंती आहे.

गावात काम केलेला प्रत्येक जण चांगला शिक्षक असतो, असे माझे म्हणणे नाही. तीस वर्षे नोकरी झालेले, पण आशाताईंच्या बैठकीत परिपत्रक वाचण्यापलीकडे काही न करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. म्हणून दहा मिनिटांच्या मुलाखतीवर भागवू नये, असे मला वाटते. उमेदवाराला अर्धा तास द्यावा, समोर काही विद्यार्थी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील पाच-सहा आशाताई बसवाव्यात आणि एक विषय मराठीतून समजावून सांगायला लावावा. सिकलसेलचे उदाहरण घ्या. आई आणि वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण दोष मुलांना देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे वाक्य मी स्वतः अनेक वर्षे असेच सांगत आले आणि एका पावरा आदिवासी बाईने मला विचारले की, माझे पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे आता पुढची तीन चांगली होतील ना? चूक तिची नव्हती, माझ्या सांगण्यात होती. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात, मागच्या वेळी काय निघाले ते चिठ्ठ्यांना ठाऊक नसते, हे मी नंतर चार कवड्या हातात घेऊन सांगू लागले. ज्या उमेदवाराला हा प्रश्न आधीच सुचतो आणि जो त्याचे उत्तर त्या बाईला पटेल असे देतो, तो शिक्षक. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवलेली आहे. तपासणीचा निकाल हातात पडल्यावर घरच्यांशी काय बोलायचे, हे शिकवणारे लोक त्यापुढे किती लागतील, याचा अंदाज कोणीही करू शकेल.

भाषेचेही तेच. ‘पोऱ्यानं आंग तपी ऱ्हायनं’, म्हणजे मुलाचे अंग तापले आहे, असे आई अहिराणीत सांगत असताना शेजारी उभ्या विद्यार्थ्याने दुभाष्याकडे पाहावे, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. शिक्षकाला नेमणुकीच्या वेळीच अहिराणी, भिली किंवा पावरी आली पाहिजे, असा हट्ट मी धरणार नाही. बाहेरच्या चांगल्या माणसाला आपण मुकू. पण पहिल्या दोन वर्षांत त्यांपैकी एक भाषा कामापुरती शिकण्याची अट घालता येईल, आणि दोन वर्षांची अट घालायची तर नेमणूकही त्याहून मोठी करावी लागेल.

प्राध्यापकांची कायम पदे मंजूर होत नाहीत, निधी नाही, असे उत्तर यावर मिळते आणि त्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस या योजनेकडे बोट दाखवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न लावता बोलावता येते. त्यांची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच असावी लागते, मुदत जास्तीत जास्त चार वर्षे असते आणि नियमित पदांवर त्याचा परिणाम होऊ नये, असेही त्या सूचनांत म्हटले आहे. ही योजना चांगली आहे. एखादे निवृत्त जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा हिवताप अधिकारी तिच्यातून विद्यापीठात आले तर विद्यार्थ्यांचे भले होईल. मात्र ज्यांना चार वर्षांनी जायचेच आहे, त्यांच्या भरवशावर विभाग उभा राहत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र केडर, म्हणजे अधिकाऱ्यांचा सेवावर्ग, उभारण्यासाठी मार्गदर्शिका दिली आहे. त्या केडरमध्ये जाणारी मुले कोणाकडून शिकणार, हा प्रश्न पैशाच्या आधी सोडवावा लागेल. सर्व पदे एकदम भरता येत नसतील तर आधी दोनच भरावीत, पण ती पूर्णवेळ आणि कायम असावीत आणि त्या दोघांना सातपुड्यातील एक व तापीकाठचे एक अशी दोन आरोग्य केंद्रांची क्षेत्रे नेमून द्यावीत.

शेवटी वेळेविषयी. खान्देशातील कोणत्याही संस्थेला अशी भरती करायची असेल तर तिने जाहिरात उन्हाळ्याच्या आरंभी काढावी, छाननीत अपात्र ठरलेल्यांना मुलाखतीच्या किमान पंधरा दिवस आधी लेखी कारण कळवावे आणि नेमणुकीचे पत्र मेअखेर द्यावे. म्हणजे शिक्षक जूनमध्ये रुजू होतील, पावसाळ्यातच पाड्यावरची घरे आणि माणसे त्यांना माहीत होतील, आणि दिवाळीनंतर दारे बांधली जाऊ लागतील तेव्हा त्या घरांत कोण राहत होते ते त्यांच्या वहीत असेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
शहादा, जि. नंदुरबार